नव्या शिक्षकांसाठी व्हिडिओ पॉडकास्ट: आदर्श पाठ नको, शिक्षकाचा विचार ऐकवा

प्रश्न: "मी केंद्रप्रमुख आहे, म्हणजे आसपासच्या प्राथमिक शाळांचा एक गट माझ्याकडे आहे. केंद्रातल्या बहुतेक शाळा दोनशिक्षकी. पवित्र या शिक्षक भरतीच्या पोर्टलमधून या वर्षी सात नवे शिक्षण सेवक (पहिली तीन वर्षं मानधनावर असलेले शिक्षक) रुजू झाले, त्यातले बरेचसे बाहेरच्या जिल्ह्यांतले. केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, शिक्षण परिषदेत, त्यांच्या अडचणींना वेळ मिळत नाही आणि प्रत्येकाच्या वर्गात मला महिन्यातून एकदाही नीट बसता येत नाही. व्हिडिओ पॉडकास्ट करून त्यांना आधार देता येईल का? कोणाला बोलवावं, भाग किती मोठा असावा, काय सामान लागेल?"

उत्तर:

मॅडम, आधार देता येईल, जरूर सुरू करा. कोणाला बोलवायचं ते आधी ठरवू नका. नव्या शिक्षकाला नेमकं काय मिळत नाही ते आधी बघू, म्हणजे बाकीचं आपोआप ठरेल.

पॉडकास्ट म्हटलं की डोळ्यांसमोर एकच चित्र येतं. एखादे नामवंत तज्ज्ञ, मागे पुस्तकांचं कपाट, पाऊण तास ज्ञानरचनावादावर (मूल आपलं ज्ञान स्वतः रचतं या विचारावर) बोलणं आणि खाली ग्रुपवर अंगठ्यांची रांग. असं साहित्य कमी नाही. शिक्षण साहित्याचं सरकारी दीक्षा ॲप २०१७ पासून आहे, शिक्षकांसाठीचं निष्ठा प्रशिक्षण २०१९ पासून, आणि दोन्हींकडे व्हिडिओंचा साठा मोठा आहे. तुमचे सातही जण डी.एड. करून, टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) आणि अभियोग्यता चाचणी पार करून आलेत. बालमानसशास्त्रज्ञ पियाजेवरच्या प्रश्नाला त्यांनी चारातला अचूक पर्याय निवडलेला आहे. त्यांना मिळत नाही ती सोबत. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) निकषानं प्राथमिकला साठ पटापर्यंत दोन शिक्षक. म्हणजे शाळेत दुसरा जो कोणी आहे, तोही शेजारच्या खोलीत दोन-तीन इयत्ता सांभाळतोय. नव्या माणसाला दुसऱ्याला शिकवताना बघायलाच मिळत नाही. आपला वर्ग भरकटला की जुना शिक्षक अशा वेळी मनात काय म्हणतो, कशाकडे बघतो, काय मुद्दाम सोडून देतो, हे त्याला कळायला वाट नसते. तुमच्या पॉडकास्टनं हीच वाट करून द्यायची आहे.

म्हणून माझं पहिलं सांगणं, आदर्श पाठ दाखवू नका. आदर्श पाठात मुलं शहाणी असतात, साहित्य जागच्या जागी असतं आणि उत्तरं बरोबर येतात. नवा शिक्षक तो पाहतो आणि मनात म्हणतो, माझ्या वर्गात हे होत नाही म्हणजे मीच कमी. जिथे गाडी अडली अशी एकच जागा घ्या आणि तिच्याभोवती दोन शिक्षकांना बोलू द्या.

एक भाग कसा असतो ते जवळून सांगतो. तिसरीतल्या मुलाच्या वहीचा फोटो पडद्यावर. ५२ वजा २७, उत्तर ३५. त्याच्याखाली आणखी दोन गणितं, त्याच पद्धतीनं चुकलेली. टेबलाशी दोघं बसलेले, एक दुसऱ्या वर्षातला शिक्षक आणि एक जुन्या बाई. बोलणं साधारण असं चाललं होतं:

"मी त्याला म्हटलं, हातचा घ्यायला विसरलास. त्यानं मान डोलावली आणि पुढचं गणित पुन्हा तसंच केलं."

"तो विसरला नाहीये, सर. एककाची ओळ बघा. दोनातून सात जात नाहीत म्हणून त्यानं सातातून दोन काढले, पाच. दशकात पाचातून दोन, तीन. तिन्ही गणितांत हेच आहे. त्याच्याकडे एक नियम आहे, मोठ्यातून लहान काढायचं. हा नियम त्याला पहिलीत आपणच दिलाय."

"मग पुन्हा समजावून सांगू?"

"मी फळ्याजवळ गेलेच नसते. दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या त्याच्या पुढ्यात ठेवल्या असत्या. म्हटलं असतं, मला यातल्या सत्तावीस दे. आणि मग गप्प बसले असते."

"किती वेळ?"

"तो रबर काढून गठ्ठा सोडेपर्यंत. 'गठ्ठा सोड' हे शब्द आपल्या तोंडून निघाले की त्याचं काम आपण केलं."

यानंतर दीड मिनिटाचं चित्रण. फक्त मुलाचे हात, काड्या आणि सतरंजी. मुलगा दोन गठ्ठे बाजूला करतो, दोन सुट्या काड्या ठेवतो, थांबतो. बराच वेळ काही होत नाही. बाईंचा आवाजही नाही. मग तो तिसऱ्या गठ्ठ्याचं रबर काढतो, त्यातल्या पाच काड्या पुढे सरकवतो. उरलेल्या पाच सुट्या काड्या आणि दोन गठ्ठे बघून स्वतःच "पंचवीस" म्हणतो. आणि लगेच वहीतल्या पस्तीसकडे बघतो.

सगळा भाग दहा मिनिटांचा. पण बघणाऱ्याला तीन गोष्टी मिळाल्या. चूक बघितल्यावर ती कुठून आली हे शोधायचं असतं. त्यासाठी एकच गणित बघून चालत नाही, सलग दोन-तीन बघावी लागतात. आणि मुलाला विचार करायला दिलेला वेळ कसा दिसतो, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं. "मुलांना विचार करायला वेळ द्या" हे वाक्य त्यानं पदविकेच्या काळात कितीतरी वेळा लिहून काढलंय. पण ती शांतता किती लांब वाटते आणि जुना शिक्षक ती कशी निभावतो, हे त्यानं कधी अनुभवलेलं नसतं. व्हिडिओ ज्यासाठी करायचा ते हे. आणि म्हणूनच संपादन करताना ही थांबलेली जागा कापू नका. कापायचा मोह नक्की होतो.

व्हिडिओ हवा की नुसता आवाज, याचं उत्तरही इथेच आहे. वही, फळा, हात, बैठक, साहित्य बघितल्याशिवाय मुद्दा कळणार नसेल तर व्हिडिओ. नुसतं बोलणं असेल तर ऑडिओ पुरेसा आहे, बरेचदा जास्त चांगला. तुमचे शिक्षक रोज गाडीवर किंवा एसटीत तास-दीड तास घालवत असतील. एसटीत बसून कानात घालून ऐकता येतं, आणि जिथे नेटवर्कला गावाबाहेरच्या टेकाडावर जावं लागतं तिथे लहान ऑडिओ फाइल एकदा उतरवली की काम झालं. प्रत्येक व्हिडिओ भागाची ऑडिओ प्रतही टाका. लांबी आठ ते बारा मिनिटं. एका भागात एकच अडचण, दुसरी सुचली तर ती पुढच्या भागाला.

आता कोणाला बोलवायचं. तुमच्याच तालुक्यातले, शक्यतो तसाच पट आणि तशाच खोल्या असलेल्या शाळांतले शिक्षक. शहरातल्या डिजिटल वर्गातला माणूस कितीही हुशार असला तरी त्याचं बोलणं ऐकताना नवा शिक्षक मनात "आमच्याकडे हे कुठे" असं म्हणत राहतो. जोडी करताना एक मुरलेला आणि एक दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातला असावा. अगदी नव्या माणसाचे प्रश्न दुसऱ्या वर्षातल्याला अजून आठवत असतात, आणि वीस वर्षं झालेल्याला जे आपोआप होतं तेच त्याला अवघड गेलेलं असतं. तोच खरा मधला दुवा.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो, राग मानू नका. पॉडकास्टच्या खुर्चीत तुम्ही स्वतः बसू नका. तुम्ही कितीही मायेनं वागलात तरी शाळाभेटीचा शेरा तुमच्या हातात असतो. शिक्षण सेवकाची तीन वर्षं पुरी व्हायची असतात. तो तुमच्यासमोर "माझ्या वर्गातली निम्मी मुलं वाचत नाहीत आणि मला काय करावं सुचत नाही" असं कॅमेऱ्यात बघून म्हणणार नाही. आणि हे वाक्य कोणी बोललंच नाही तर पॉडकास्टला अर्थ उरत नाही. तुमचं काम मागचं आहे, पण तेच मोठं आहे. माणसं जमवणं, चित्रणासाठी त्यांना मोकळा वेळ काढून देणं, आणि पहिल्याच बैठकीत सगळ्यांसमोर शब्द देणं की या चित्रणातलं काहीही शेऱ्यात, गोपनीय अहवालात किंवा वरिष्ठांच्या भेटीत वापरलं जाणार नाही. तो शब्द एकदा जरी मोडला तरी पुन्हा कोणी बोलणार नाही.

पॉडकास्टमुळे शाळाभेटी कमी करता येतील का, असा सूर तुमच्या प्रश्नात मला ऐकू आला. यावर इतर देशांत नीट मोजमाप झालेलं आहे, ते माहीत असावं. अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठाच्या गटानं ७८ माध्यमिक शिक्षकांसोबत केलेलं काम २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. शिक्षक ठरावीक काळानं आपल्या वर्गाचं चित्रण पाठवायचे. मार्गदर्शक त्यातले एक-दोन मिनिटांचे तुकडे निवडून त्यांवर प्रश्न लिहायचा, शिक्षक उत्तरं लिहायचा आणि मग दोघं फोनवर बोलायचे. मुलांच्या निकालात फरक दिसला, पण तो पुढच्या वर्षी. पहिल्याच सत्रात वर्ग पालटेल अशी घोषणा करू नका, हा त्यातून घ्यायचा धडा.

दुसरं उदाहरण दक्षिण आफ्रिकेतल्या म्पुमलांगा प्रांताचं. ते आपल्याला जास्त जवळचं, कारण तिथेही घरची भाषा वेगळी आणि इंग्रजी शिकवायचं. काही शाळांत मार्गदर्शक प्रत्यक्ष वर्गात जायचे, काही शाळांना टॅबलेट दिला होता. त्यात पाठांची आखणी, व्हिडिओ आणि दूरवरून बोलणारा मार्गदर्शक. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेले तीन वर्षांनंतरचे निष्कर्ष असे की प्रत्यक्ष भेटींच्या शाळांत मुलांचं इंग्रजी बोलणं आणि वाचणं दोन्ही सुधारलं. टॅबलेटच्या शाळांत फक्त बोलणं, तेही कमी. वाचनात फरक नाही, आणि मातृभाषेच्या वाचन-लेखनाला उलट थोडा फटका बसला.

ही दोन उदाहरणं शेजारी ठेवली की माझं मत असं होतं. नुसते व्हिडिओ पाठवले तर फार काही हाती लागत नाही. व्हिडिओच्या निमित्तानं एक ओळखीचा माणूस एका शिक्षकाशी त्याच्याच वर्गाबद्दल बोलला, तर लागतं. तेव्हा भेटी कमी करू नका. पॉडकास्टमुळे तुमच्या भेटीला विषय मिळेल, एवढं मात्र नक्की. एरवी भेट म्हणजे हजेरीपत्रक, पोषण आहाराची नोंदवही आणि शेरा. आता तुम्ही विचारू शकता, "ते काड्यांचं करून बघितलंत का? मुलानं काय केलं?"

यासाठी प्रत्येक भागाच्या शेवटी आठवडाभरात करून बघायची एकच कृती सांगा. ती इतकी लहान असावी की सोमवारी तिसऱ्या तासाला करता येईल. वजाबाकीच्या भागात कृती होती, चुकलेल्या तीन मुलांना "हे कसं केलंस, मला सांग" एवढंच विचारायचं आणि त्यांचं उत्तर जसंच्या तसं टिपून ठेवायचं. दुरुस्त करायचं नाही. पुढच्या भागाची सुरुवात या टिपणांनीच झाली, आणि त्यातली काही उत्तरं जुन्या शिक्षकांनाही नवी होती.

दोन-तीन भाग होऊन विश्वास बसला की पुढची पायरी. नव्या शिक्षकानं आपल्या वर्गाचं पाच-सात मिनिटांचं चित्रण करायचं आणि ते एकट्यानं बघायचं. कोणालाही पाठवायचं नाही. पहिल्यांदा स्वतःला बघताना माणसाला आपला आवाज, आपले हातवारे, आपलं पोट एवढंच दिसतं. तो धक्का ओसरू द्यावा लागतो. दुसऱ्यांदा बघताना आवाज बंद करायला सांगा. मग कळतं की आपण पूर्ण वेळ पुढच्या डाव्या कोपऱ्यातच उभे होतो, की खिडकीजवळची मुलगी एकदाही आपल्या नजरेत आली नाही. तिसऱ्यांदा बघताना फक्त स्वतःचे प्रश्न कागदावर लिहायचे. "समजलं का?" किती वेळा आलं ते त्याचं त्यालाच दिसेल. एवढं झाल्यावर त्यातली कुठली दोन मिनिटं जोडीदाराला दाखवायची ते त्यानं ठरवायचं. चित्रण ज्याचं, त्याच्यावर हक्कही त्याचाच, आणि नको वाटलं तर पुसायचा अधिकारही.

जोडीदारानं बोलताना आधी काय दिसलं ते सांगावं, कसं वाटलं ते नंतर. "छान झालं" किंवा "मुलं कंटाळली होती" हे दोन्ही मतं आहेत. "तुम्ही प्रश्न विचारल्यावर पहिलं उत्तर दर वेळी पहिल्या रांगेतून आलं" हे दिसलेलं आहे. शिक्षक दिसलेल्यावर विचार करतो, मतावर नाराज होतो. आपल्याला डी.एड.-बी.एड.ला सूक्ष्म अध्यापन होतं, म्हणजे एकच कौशल्य घेऊन छोट्या पाठाचा सराव, स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६३ मध्ये सुरू झालेला. त्यात पाठ, चर्चा आणि पुन्हा पाठ असा क्रम असतो. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी "पुन्हा पाठ" हा भाग फक्त वहीत उरला. खरा फायदा त्या पुन्हा करण्यातच आहे, म्हणून चर्चेनंतर त्याच आठवड्यात तीच गोष्ट पुन्हा करून बघायला सांगा.

विषय कुठले घ्यायचे ते सातही जणांना विचारा, पण माझ्या अनुभवात दोन गोष्टी सगळ्यांत वर येतात. पहिली बहुवर्ग अध्यापन, एकाच वेळी अनेक इयत्तांना शिकवणं. पहिली ते तिसरी एका खोलीत, परिपाठ झाला, हजेरी झाली, आता पुढची वीस मिनिटं कोणाला काय द्यायचं? पाठ्यपुस्तक एका इयत्तेचं आणि पाठ टाचणही एका इयत्तेचं. ज्या बाई हे वर्षानुवर्षं करतायत त्यांच्या खोलीत कॅमेरा लावा आणि फक्त हा सांधा टिपा, एका गटाला कामाला लावून दुसऱ्याकडे वळण्याचा. काम आधी कोणाला दिलं, सांगायला किती शब्द वापरले, मधेच उठून आलेल्या मुलाला काय खूण केली. मग त्या बाईंना ते चित्रण दाखवून विचारा, "इथे तुम्ही तिसरीला आधी का बसवलंत?" जुन्या शिक्षकांना आपण काय करतो ते सांगता येत नाही, कारण ते अंगवळणी पडलेलं असतं. स्वतःचं चित्रण समोर आलं की मात्र ते भरभरून बोलतात.

दुसरी गोष्ट भाषेची. लातूर-बीडकडचा मुलगा नंदुरबारच्या पाड्यावर किंवा मेळघाटात रुजू होतो. पहिलीतली मुलं भिली किंवा कोरकू बोलतात, आणि महिनाभर दोन्ही बाजूंनी नुसतं हसणं चालतं. इथे स्थानिक शिक्षक, अंगणवाडी ताई, चौथी-पाचवीतली मोठी मुलं यांना भागात घ्या. वर्गात रोज लागणाऱ्या वाक्यांपासून सुरुवात करा. बस, ये, पाणी प्यायचंय का, दुखतंय का, पुन्हा सांग. आणि हे भाग ऑडिओत जरूर द्या, कारण उच्चार पुन्हा पुन्हा ऐकावे लागतात. मुलाच्या भाषेत "दुखतंय का" विचारता आलं की मूल शिक्षकाजवळ येतं. त्यानंतरच वाचन-लेखनाचं बोलायचं.

यू-डायस (शाळेची ऑनलाइन माहिती भरणं), आधार जुळणी, शिष्यवृत्तीचे अर्ज, पोषण आहाराच्या नोंदी हे प्रश्न पॉडकास्टमध्ये घेऊ नका. ते खरे प्रश्न आहेत, पहिल्या महिन्यात तर नव्या माणसाची झोप तेच उडवतात. त्यांच्यासाठी मोबाइलच्या पडद्याचं तीन मिनिटांचं चित्रण करून वेगळ्या ठिकाणी ठेवा. एकदा ते पॉडकास्टमध्ये शिरले की वर्गाला जागा उरत नाही.

सामानावर फार खर्च करू नका. शिक्षण सेवकाचं मानधन प्राथमिकला महिन्याला १६,००० रुपये आहे, त्यांच्या खिशातून काही काढायला लावू नका. एक बरा मोबाइल, एक स्टँड आणि लांब वायरचा कॉलर माइक, बस. पैसे घालायचे तर माइकमध्ये घाला. चित्र थोडं अंधुक चालतं, शब्द कळला नाही तर माणूस बंद करतो. पत्र्याच्या खोलीत पावसाळ्यात चित्रण होत नाही, पंखा बंद ठेवावा लागतो, आणि बोलणाऱ्यांच्या मागे सतरंजी टांगली तर आवाज घुमत नाही. मोबाइल आडवा धरा.

मुलांच्या बाबतीत मात्र काटेकोर राहा. कॅमेरा मुलांच्या मागे ठेवा, म्हणजे शिक्षक समोरून आणि मुलं पाठमोरी दिसतील. वहीवरचं नाव झाका. चुकलेलं उत्तर आणि मुलाचा चेहरा एकत्र कधीही येऊ देऊ नका. ते मूल उद्या मोठं होईल आणि तो व्हिडिओ कुठेतरी शिल्लक असेल. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती धरलेली आहे. तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय ठेवा, पालकांना एक भाग प्रत्यक्ष दाखवा आणि मग सही घ्या. यूट्यूबवर टाकायचं तर अनलिस्टेड ठेवा, म्हणजे लिंक असलेल्यालाच दिसेल. पण लिंक पुढे जातेच, हे धरून चला. म्हणूनच चेहरे नकोत.

आणखी एक. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात शिक्षकांसाठी वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा आहे. त्यामुळे कोणीतरी नक्की सुचवेल की पॉडकास्ट बघितल्याचे तास धरू, लिंक भरून घेऊ, प्रमाणपत्र देऊ. तुमच्या हातात असेल तोवर हे टाळा. लिंक भरायची म्हटलं की भाग मोबाइलवर चालू ठेवून माणूस दुसरं काम करतो. किती जणांनी बघितलं यापेक्षा पुढच्या भागासाठी वहीचा फोटो घेऊन किती जण आले, हे बघा. सातातले दोन आले तरी सुरुवात चांगली झाली समजा, आणि सातावरून सत्तरवर जायची घाई करू नका. शिक्षकांच्या मार्गदर्शनावरच्या साठ अभ्यासांचा एक एकत्रित आढावा २०१८ मध्ये निघाला. त्यातही लहान गटांत दिसलेला परिणाम मोठ्या कार्यक्रमांत बराच घटलेला आढळला.

सुरुवात कधी करायची ते शाळेच्या वेळापत्रकावरून ठरवा. नवे शिक्षक जूनमध्ये नव्या वर्गासमोर उभे राहतील, विदर्भात थोडे उशिरा, आणि त्यांना पहिल्या पंधरवड्यातच भाग हवे असतील. पण जूनमध्ये वर्ग बसलेला नसतो आणि पाऊसही असतो. म्हणून पहिले तीन भाग परीक्षा सुरू होण्याआधी, मार्चमध्येच चित्रित करा. तेव्हा मुलं नियमित येत असतात आणि वह्या भरलेल्या असतात. त्या वह्या रद्दीत जायच्या आत चुकलेल्या पानांचे फोटो मात्र सगळ्या शाळांतून मागवून घ्या. वर्षभराचे विषय त्यातच मिळतील.